तिथं वाढून साधी कशी, असं तुम्ही विचारलंत म्हणून

शाळेतल्या बाई विचारतात, सासरकडचे विचारतात, परवा तर घर दाखवायला आलेल्या एजंटनंही विचारलं. माहेर कुठलं? छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचं औरंगाबाद), शहागंजच्या मागं, असं सांगितलं की समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग ते वाक्य येतं: "तिथं वाढून तुम्ही इतक्या साध्या कशा राहिलात हो?" आजवर मी 'आईवडिलांची शिस्त' असं म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नाही. आज एकदा नीट सांगते, म्हणजे परत विचारायला नको.

दंगलीबद्दल तुम्ही वाचलेलंच असतं. दंगलीला तारीख असते. मे 1988 ची माझ्या जन्माआधीची, पण ती सांगताना वडील अजूनही आवाज खाली आणतात. 11 मे 2018 च्या रात्रीची मी घराच्या गच्चीवरून पाहिली. अनधिकृत नळजोडण्या तोडण्यावरून वातावरण तापलं होतं, ते पेटलं. शहागंज, राजाबाजारात दुकानं जळाली, दोन माणसं जिवानिशी गेली. तेव्हा कॅमेरे आले, पुढारी आले, शांतता समितीच्या बैठका झाल्या. रोजच्या मारामाऱ्यांना मात्र तारीख नव्हती. धक्का लागला, 'क्या देख रा बे' झालं, वाढदिवसाच्या बॅनरवर एकाचा फोटो लहान आला, टँकरवर नंबर चुकला, की चाकू निघायचा. त्यात बटन, म्हणजे नशेच्या गोळ्या, खाल्लेलं पोरगं असलं की त्याला ना लागल्याचं कळायचं, ना मारल्याचं. आम्ही पोरं कानानं जगायचो. एक शटर पडलं तर दुकानदार जेवायला चालला. लागोपाठ तीन पडली की आईनं हाक मारायच्या आत आम्ही उंबऱ्याच्या आत.

पण तिथं माणसंही होती हो. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात कर्फ्यूतून वाट काढत दूध आणून देणारी त्याच गल्लीतली होती. 'तो भाग' म्हणताना तुमचा जो चेहरा होतो ना, तो मला अजून सहन होत नाही. तुमच्या सिडको वसाहतीत कुणी भांडत नाही का? हे मी दरवेळी मनात म्हणते. मग आठवतं की सिडकोत राहायला आल्यावर पहिले सहा महिने मी रात्री शटरचा आवाज ऐकायला जागी राहायचे. तो आला नाही, आणि मला किती बरं वाटलं.

आता एप्रिल 2013.

त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस दगा देऊन गेला होता. जायकवाडी धरण तळाला गेलं होतं. आमच्या नळाला तीन-चार दिवसांनी पाणी यायचं, तेही रात्री केव्हातरी, पाऊण तास. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरानं खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं आणि नहर, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारे पाट, काढून ज्या वस्तीतले हौद भरले, त्याच वस्तीत आम्ही तांब्या मोजून आंघोळ करत होतो. घरात एक निळा ड्रम, दोन हंडे आणि एक बादली. ड्रमच्या आत आईनं खडूनं रेघा मारल्या होत्या. कुठल्या दिवशी कुठल्या रेघेपर्यंत, हे तिचं ठरलेलं.

माझी दहावी झाली होती. वडील वाळूजला कंपनीत, सेकंड शिफ्टला. आई शेजारच्या गल्लीत फॉल-पिकोच्या साड्या द्यायला गेली होती. रात्रीचे नऊ वाजले असतील. तीन शटर पडली. मी दार लावायला उठले आणि दादा आत आला. एकोणीस वर्षांचा होता. काही बोलला नाही. पिस्ता रंगाचा चौकड्याचा शर्ट काढला आणि माझ्यासमोर धरला. उजवी बाही कोपरापर्यंत काळी दिसत होती. ट्यूबलाइटखाली नेली तेव्हा लाल झाली.

"धू," म्हणाला.

मी विचारलं नाही, कुणाचं. हे मी स्वतःला हजारदा विचारलंय: का विचारलं नाहीस? सोळा वर्षांची होतीस, जीभ होती की तोंडात. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार पाण्याचा आला. ड्रम तिसऱ्या रेघेवर होता आणि पाणी परवा येणार होतं.

रक्त गार पाण्यानं निघतं, गरम पाण्यानं बसतं. हे मुलींना कुणी शिकवावं लागत नाही, दर महिन्याला हात शिकतात. मोरीत बसून मी बाही आधी नुसत्या पाण्यात चोळली. पाणी गुलाबी झालं, ओतलं. मग मीठ लावलं. मग साबण. सगळं निघालं, खिशाच्या शिवणीत तेवढं राहिलं. दोऱ्यात मुरलेलं रक्त निघत नाही. मी दातानं ती शिवण उसवली, आतलं कापड उलटं करून नखानं घासलं. वरून दुसरं बटण गायब होतं. कुणाच्या तरी मुठीत राहिलं असणार, हे मला तेव्हाच कळलं. चाकू कुठं गेला, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

दीड बादली पाणी गेलं. शर्ट पिळून मी पलंगाखाली टोपल्यात दडवला. आई आली, ड्रममध्ये वाकली आणि म्हणाली, "गं माय, इतकं पाणी कामून सांडलंस?" मी म्हणाले, हंडा कलंडला. तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. ती काही बोलली नाही, भाकरी करायला बसली.

साडेअकराला पोलीस आले. एक म्हातारे हवालदार आणि एक तरुण शिपाई. ते आईला विचारत होते, पण आईनं तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "दादा संध्याकाळपासून घरीच आहे. मला अकरावीच्या सायन्सचं समजावून सांगत होता." दादा दहावी नापास होता. हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. मी साधी दिसत होते. दोन वेण्या, हातात वही. 'बरं बेटा,' म्हणाले आणि गेले. तुम्हाला आवडणारा तो साधेपणा पहिल्यांदा कामाला आला तो असा. पहाटेच्या एसटीनं वडिलांनी दादाला आत्याकडं जालन्याला सोडलं.

ज्याला लागलं होतं तो अंडेवाल्या मावशींचा मुलगा. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता. वार अडवायला त्यानं उजवा हात पुढं केला आणि तळहातातल्या शिरा तुटल्या. भांडण कशावरून? दोन मुलं सांगायची मोबाइलवरून, एक सांगायचा बॅनरवरून. जबाबात त्यानं लिहून दिलं की अंधारात कोण होतं ते दिसलं नाही. उजेड होता. खांबावरचा दिवा त्या आठवड्यात चालू होता, त्याच्याखालीच तर पोरं कॅरम खेळायची. त्याला दादाच्या मित्रांनी धमकावलं, की मोठ्या माणसांनी बसून मिटवलं, मला माहीत नाही. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं, एवढं मात्र मी पाहिलं. कशासाठी, ते आमच्या घरात कुणी बोललं नाही.

कॉलेजात असताना मी स्वतःला समजावायचे की तू लहान होतीस, बहीण होतीस, आणखी काय करणार होतीस. आत गेला असता तर दादा बाहेर येताना पक्का गुंड होऊन आला असता, तशी तीन पोरं आम्ही पाहिली आहेत. हे खरंच आहे. आज दादा नोकरी करतो, दारूला शिवत नाही, त्याची मुलगी पहिलीत आहे. तर मग मी चुकले का? पण हे सगळं ज्याच्या हातावर उभं आहे तो हात माझा नाही, हेही तितकंच खरं. सोळा वर्षांच्या त्या मुलीला मी माफ करायला जाते आणि ती मला सांगते, तुझ्या माफीची मला गरज नाही, आज रात्री पोलीस आले तर तूही हेच करशील. तिच्याशी मी अजून भांडते आहे. कधी ती जिंकते, कधी मी.

म्हणून सांगते, मी साधी राहिले नाही. गल्लीत मुलांच्या हातात चाकू होता, मुलींच्या हातात साबण. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गेले तेव्हा आणखी दोघींची बोटं तशीच सुरकुतलेली दिसली. त्यांनी माझी पाहिली. आम्ही तिघी रिकाम्या हंड्यांवरून बोलत राहिलो.

गेल्या दिवाळीत माहेरी गेले होते. पणत्या घ्यायला शहागंजात एका दुकानात शिरले, तर गल्ल्यावर तो. मला ओळखलं. उजव्या हाताची चार बोटं अर्धी मिटलेली, तशीच टेबलावर ठेवलेली. नोटा डाव्या हाताच्या अंगठ्यानं सरकवत मोजत होता, भराभर, कुणाला वाटावं जन्माचा डावखुरा आहे. म्हणाला, "भाऊ काय करायलाय आता?" मी सांगितलं, वाळूजला कंपनीत आहे. "परमनंट?" मी म्हटलं, हो. "चांगलं झालं," म्हणाला आणि दोन पणत्या जास्तीच्या टाकल्या.

हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही.