फार्मव्हिलची मोटन शाळा: वर्गाबाहेर पडलेली मुले आणि पाच वर्षे बंद राहिलेली दारे

रिचमंडहून नैर्ऋत्येला सुमारे ६५ मैलांवर व्हर्जिनियातील फार्मव्हिल हे लहानसे गाव आहे. तेथील रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूल, म्हणजे आताचे मोटन संग्रहालय, पाहण्यासाठी आम्ही एप्रिलमधल्या एका शनिवारी गेलो. गावाला प्रवासी रेल्वे नाही, त्यामुळे मोटारीनेच जावे लागते. संग्रहालय दुपारचे मोजकेच तास उघडे असते, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाची वेळ अवश्य पाहावी. आत तासाभरात सर्व पाहून होईल असे वाटते, पण किमान अडीच तास हाताशी ठेवावेत असे मी आग्रहाने सांगेन.

एकमजली विटांची ही इमारत १९३९ मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधली गेली. ती १८० विद्यार्थ्यांपुरती होती आणि १९५१ पर्यंत तेथे साडेचारशेहून अधिक मुले शिकत होती. जागा अपुरी पडली तेव्हा प्रिन्स एडवर्ड काउंटीने, म्हणजे तेथील जिल्हा प्रशासनाने, नवी शाळा न बांधता आवारात लाकडी खोल्या उभारून त्यांवर डांबरी कागद ठोकला. या खोल्या पावसात गळत. हिवाळ्यात शेगडीजवळच्या मुलांना घाम फुटे, तर कोपऱ्यातली मुले अंगातला कोट काढत नसत. शाळेला व्यायामशाळा नव्हती, उपाहारगृह नव्हते आणि एकाच सभागृहात एका वेळी अनेक वर्ग भरत.

त्याच सभागृहात आता पहिले दालन आहे. २३ एप्रिल १९५१ रोजी मुख्याध्यापकांना खोट्या निरोपाने बाहेर पाठवून सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने सर्व मुलांना येथे एकत्र बोलावले, शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली आणि संप पुकारला. सभागृहात थोडा वेळ शांत बसून राहावे. माझी मुलगीही सोळा वर्षांची आहे; ती रंगमंचाकडे पाहत बराच वेळ काहीच बोलली नाही.

मुलांची मूळ मागणी चांगल्या इमारतीची होती. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी मात्र गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या विभक्त शिक्षणालाच आव्हान द्यायचे असेल तरच खटला चालवू, अशी अट घातली. पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन यांनी पालकांना एकत्र आणले आणि ११७ विद्यार्थ्यांच्या नावे दावा दाखल झाला. सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ निकालात एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी हा एक होता आणि पाचांपैकी विद्यार्थ्यांच्या आंदोलनातून उभा राहिलेला एवढाच. बार्बराच्या जिवाला धोका वाटल्याने घरच्यांनी तिला अलाबामा राज्यातील माँटगोमेरीला काका व्हर्नन जॉन्स यांच्याकडे पाठवले होते.

अनेक जण विजयाची ही कथा ऐकून परत फिरतात. माझ्या मते या ठिकाणाचे मर्म पुढच्या दालनांत आहे. एकत्र शाळा चालवण्याचा न्यायालयीन आदेश आल्यावर प्रिन्स एडवर्ड काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाने १९५९ मध्ये सार्वजनिक शाळांना पैसाच नाकारला आणि त्या १९६४ पर्यंत बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलांपैकी काही परराज्यात नातेवाइकांकडे वा अनोळखी कुटुंबांत राहून शिकली, काही चर्चच्या तळघरांत अक्षरे गिरवत राहिली आणि कित्येकांचे शिक्षण तेथेच संपले. ज्या गरीब गोऱ्या घरांना अकादमीचा खर्च झेपला नाही, त्यांचीही मुले घरी बसली. १९६३ मध्ये देणग्यांवर ‘फ्री स्कूल्स’ सुरू झाल्या, त्यांत ही इमारतही होती; अखेर १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्रिफिन’ खटल्यात शाळा उघडण्याचा मार्ग मोकळा केला. सोबत लहान मुले असतील तर हा भाग त्यांना आत जाण्यापूर्वीच समजावून सांगावा. नुसती छायाचित्रे पाहून तो त्यांना कळणार नाही.

१९९५ मध्ये शाळा म्हणून वापर थांबल्यावर ही वास्तू टिकली, ती मार्था फॉरेस्टर महिला परिषदेमुळे. याच परिषदेने कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी अनेक दशके पाठपुरावा केला होता. पुढे १९९८ मध्ये वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि २००१ मध्ये संग्रहालय उघडले. २००३ मध्ये, शिक्षण हुकलेल्यांना काउंटीने मानद पदविका दिल्या. तेव्हा त्यांतले बरेच जण साठीच्या आसपास किंवा पन्नाशीत होते.

संग्रहालयातून निघाल्यावर मेन स्ट्रीटने गावाकडे चालत जावे. वाटेत ग्रिफिन यांचे फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च लागते. संपकाळातील सभा तेथे झाल्या होत्या. जुन्या लोहमार्गावरची हाय ब्रिज पायवाटही गावातूनच जाते, पण एका दिवसात दोन्ही करण्याचा अट्टहास नको. त्याऐवजी संधिप्रकाश होईपर्यंत न्यायालयाजवळ थांबावे. ज्या मंडळाने शाळांचा पैसा रोखला होता, त्याच मंडळाने शाळा बंद करणे चूक होते असे मान्य करून २००८ मध्ये न्यायालयाच्या घंटामनोऱ्यात दिवा लावला. तो दिवसाच्या उजेडात सहज लक्षात येत नाही.