एका आमसुली भिंतीसाठी

घराची दुरुस्ती काढणार असाल तर आधी कपड्यांचं कपाट उघडून बघा, असं मी आता विचारेल त्याला सांगते. मी गेली वीस वर्षं सुती इरकल नेसते आणि त्यावर खणाचा ब्लाउज. इरकलीचं देखणेपण सगळं हिशेबात आहे. अंगभर एकच शांत रंग, ठसठशीत काठ, आणि लाल रेशमी पदरावर पांढरी नक्षी. मालवण तालुक्यातलं आमचं चिरेबंदी घर दिवाळीनंतर दुरुस्तीला काढलं तेव्हा नवऱ्याला मी एवढंच म्हटलं, की आपल्या घरालाही अंग, काठ आणि पदर असू दे. त्याला लगेच पटलं. रंगाच्या एका दुकानाला पटवण्यात मात्र पाच आठवडे गेले, आणि हे लिहायला बसले ते त्या पाच आठवड्यांमुळेच.

कौलं उतरवली, किडलेले वासे आणि रिपा बदलल्या, वायरिंग नवीन झालं. ते सगळं वेळेत झालं.

काठाचं काम माजघराच्या जमिनीवर केलं. फरशी न घालता तांबडा कोबा, आणि भिंतीलगत चारी बाजूंनी वीतभर काळा पट्टा. गवंड्याने पहिल्या कोपऱ्यात दोन्ही रंग एकाच दिवशी घातले आणि लाल पाणी काळ्यात ओढलं गेलं. तो कोपरा त्याने स्वतःहून उखडला, आधी काळा पट्टा घालून घट्ट होऊ दिला आणि मग आतला लाल भरला. थापीने घोटून घोटून त्याने असा गुळगुळीत केला की दाराचा उजेड त्यात दिसायला लागला. त्यावर आठ दिवस ओली पोती ठेवली, पोती सुकू द्यायची नाहीत हे काम माझ्याकडे होतं. कोबा घाईने सुकला की तडकतो.

आता पदर. माजघराची मधली भिंत, ओटीवरून आत शिरताना समोर दिसते ती. बाकी सगळ्या भिंतींना चुना, त्यात थोडी नीळ. आणि ही एकच भिंत आमसुली. माझ्याकडे त्या रंगाचा एक जुना खण आहे, उभा धागा काळा आणि आडवा लाल. सरळ बघितला तर गडद, तिरका धरला की आतून लाली वर येते. मला भिंत तशी हवी होती.

मार्चच्या शेवटी खणाचा तुकडा घेऊन एसटीने कुडाळला गेले. दुकानातल्यांनी सांगितलं, 'कपडा द्या, मशीन तोच रंग काढून देईल.' मशीन चालवणारा त्या दिवशी नव्हता. सोमवारी या म्हणाले. सोमवारी गेले तर तो दुपारनंतर येणार होता. एक फोन केला असता तर माझा अख्खा दिवस वाचला असता, पण नंबर लिहून घेऊनही कोणी फोन केला नाही.

तिसऱ्या खेपेला तो भेटला. हातातलं यंत्र त्याने खणावर टेकवलं, पडद्यावर एक आकडा आला आणि डबा ढवळून बाहेर आला. मी झाकण उघडायला लावलं. आत सरळ सरळ तपकिरी रंग होता, शाळेच्या बाकांना देतात तसा. मी म्हटलं, हा आमसुली नाही. तो म्हणाला, 'मॅडम, मशीन खोटं बोलत नाही.' एक लिटरच्या खाली ते बनवत नाहीत आणि बनवलेला डबा परत घेत नाहीत, हेही तेव्हाच कळलं.

चूक यंत्राची नव्हतीच, आणि हेच मला कोणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. यंत्र कपड्याच्या एका ठिपक्याचा एकच रंग वाचतं. काळा आणि लाल धागा शेजारी शेजारी असला की त्याला दोघांचा मेळ दिसतो, आणि काळ्या-लालाचा मेळ तपकिरीच. आपला डोळा दोन्ही धागे वेगवेगळे बघतो म्हणून आपल्याला तो खण जिवंत वाटतो. शिवाय रेशमाला चमक असते, भिंतीच्या रंगाला ती नसते. खण, पैठणी, कुठलंही धूपछाँव कापड त्या यंत्राखाली धरू नका. एकरंगी सुती साडी असेल तर खुशाल धरा, तीसुद्धा चार पदरी घडी घालून, म्हणजे खालच्या टेबलाचा रंग आरपार वाचला जाणार नाही.

पण हे मला माझं मलाच उमगलं, आणि तेही पाचव्या खेपेला. चौथ्या खेपेला मी शेडकार्डावरचा एक जांभळट लाल चौकोन बोटाने दाखवला होता. इतक्या गडद रंगाला नेहमीचा पांढरा बेस, म्हणजे ज्यात रंग मिसळतात तो मूळ पेंट, चालत नाही, डीप बेस लागतो, आणि तो संपलेला. कोल्हापूरहून येईल, चार दिवसांत. बारा दिवस झाले. रोज सकाळी मी फोन करायचे आणि रोज तेच, 'गाडी निघाली आहे.' इकडे रंगारी दोन दिवस बसून तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कामावर गेला, त्याला मी काय दोष देणार? पाचव्या खेपेला डबा तयार होता, दहा लिटरचा, पैसे आधीच घेतलेले. घरी आणून उघडला तर वांगी रंग. कोडचा एक आकडा चुकीचा लिहिला होता, त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच पावतीवर. ती पावती घेऊन मी सहाव्यांदा गेले. अर्धा तास उभी राहिले. शेवटी मालक म्हणाले, 'ओला रंग वेगळा दिसतो, सुकला की बरोबर होईल.' सुकल्यावर रंग थोडा गडद होतो हे खरं आहे, पण वांग्याचं आमसूल होत नाही. डबा त्यांनी परत घेतला नाही. एसटीत बसून मी रडले, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही. प्रश्न पैशाचा होता, पण त्याहून जास्त हा होता, की सहा वेळा येऊनही माझ्या हातातल्या त्या कापडाकडे कोणीही उजेडात नेऊन नीट बघितलं नव्हतं.

तोवर मे लागला होता. खळ्यात सासूबाईंची आमसुलं वाळत होती. रातांब्याच्या साली मिठाच्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, संध्याकाळी पुन्हा रसात. रंगारी हिशेब करायला आला होता. मी खण त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. तो उठून खळ्यात गेला, खण उन्हात धरून फिरवला, मग आमसुलांकडे बघून म्हणाला, 'वयनी, आमसुला काय एका दिसात होतत? पुटा देवची लागतत. ह्यो रंग डब्यात गावचो नाय, भिंतीर करूचो लागतलो.'

आणि त्याने तो भिंतीवर केला. आधी कार्डावरचा तयार लाल, मशीनशिवाय मिळणारा, दोन हात. तो पुरता वाळल्यावर पाण्यात पातळ केलेल्या रंगात काळा स्टेनर, म्हणजे मिसळायचा घट्ट रंग, आणि किंचित जांभळा. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून फक्त वरून खाली ओढायचा, कुठेही आडवा नाही. खणातला काळा धागा उभाच असतो ना, तसा. ब्रशच्या केसांमधून लाल बारीक रेघांनी उघडा राहत गेला. पहिल्या पुटाला काळा कमी वाटला, तिसऱ्याला माझ्या अंगावर काटा आला. सकाळी ओटीकडून ऊन आत येतं तेव्हा भिंत लालसर दिसते, दिवेलागणीला जवळजवळ काळी. तीन दिवसांचं काम होतं ते. सासूबाई पाट ओढून समोर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, 'माझ्या लग्नातलो शालू असोच होतो.'

आधी सांगायला हवं होतं ते आता सांगते. असा गडद प्लॅस्टिक पेंट फक्त आतल्या, कोरड्या भिंतीला द्या. जांभा चिरा पाणी पितो, आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि बाहेरच्या भिंतीला आतून असा रंग फासला की ओल अडकून श्रावणात फोड येतात. तिथे चुनाच बरा, भिंत श्वास घेते आणि दरवर्षी हात फिरवायला सोपा.

पडद्यांना मी जुन्या इरकली वापरल्या, पण फक्त सुती अंग. रेशमी पदर खिडकीत लावला तर उन्हाने वर्ष-दोन वर्षांत विरतो. ते पदर कापून मी उशांचे अभ्रे केले आणि मागे अस्तर लावलं. पडद्याच्या कड्या पितळेच्या घ्या. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी कड्यांचा गंज पहिल्याच पावसाळ्यात कापडावर उतरतो आणि तो डाग निघत नाही. माझी एक मोतिया इरकल तशी गेली.

रंगाचं काम मृगाच्या निदान तीन आठवडे आधी संपलं पाहिजे, म्हणजे 7 जूनपासून मागे मोजा. आमची भिंत 19 मेला संपली, दोन दिवस उशिराच.

नमुना भिंतीवर लावून बघताना हातभर चौकोन तरी रंगवा, आणि सकाळी, दुपारी, रात्री दिव्याखाली, तिन्ही वेळा बघा. ज्या साडीवरून रंग घेतला ती अंगावर घेऊन त्या भिंतीसमोर उभं राहून बघा. मी उभी राहिले होते. तेव्हाच लक्षात आलं की काळं पुट अजून एक हवं.

तो वांगी डबा अजून पडवीत आहे, दहाच्या दहा लिटर. कोणाला वांगी रंगाची भिंत हवी असेल तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत.