कानामागे जागा एकच

कर्णबधिर मुलांच्या शाळेत डोळे तपासायला गेलं की नंबर काढणं हा सोपा भाग असतो. खरी डोकेदुखी फ्रेमची. कानामागे आधीच ऐकायचं मशीन बसलेलं. त्यावर चष्म्याची काडी आली की मशीन सरकतं, कानात बसणारा त्याचा साचा, म्हणजे मोल्ड, सैल होतो आणि मशीनची शिट्टी वाजायला लागते. मग दोहोंपैकी एक वस्तू दप्तरात जाते, बहुधा चष्माच. म्हणून मी बारीक काडीची हलकी फ्रेम मागते आणि मशीन कानाला लावूनच ती बसवून घेते. शिबिरात फुकट वाटायच्या जाड काड्यांच्या फ्रेमा इथे निरुपयोगी, देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

तपासणीत मुलं हुशार असतात. इंग्रजी ‘ई’च्या तक्त्यावर अक्षराची तोंडं जिकडे, तिकडे तीन बोटं झटकन वळवतात. पण तेवढ्याच झटकन माझा चेहराही वाचतात! भुवई जरा हलली की उत्तर बदललंच. त्यामुळे मी त्यांच्या मागे उभी राहते. खोलीत अंधार करण्याआधी काय होणार ते त्यांच्या शाळेतल्या बाईंकडून खुणांनी सांगून घेते, कारण दिवा गेला की या मुलांचं बोलणंच बंद होतं. बाहुली मोठी करायच्या थेंबांचंही तसंच. पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं, वही तर नाहीच, समोरच्याचे हातही नीट दिसत नाहीत. परीक्षेच्या आदल्या दिवशी थेंब घालायला कुणी बोलावलं तर मी सरळ नाही म्हणते.

पुण्यातल्या शाळांमध्ये अशा ९०१ मुलांची तपासणी झाली होती, २००९ साली ती छापून आली. जवळपास चौथा हिस्सा मुलांना डोळ्यांचा काही ना काही त्रास निघाला. १६७ जणांना नंबर होता आणि त्यातल्या फक्त १० जणांकडे योग्य चष्मा होता. ओठ आणि हात बघून शिकणाऱ्या मुलांची ही गत.

नंबर चष्म्याने भागतो. मला धास्ती असते ती संध्याकाळी वसतिगृहात ठेचकाळणाऱ्या मुलाची. सगळे त्याला धांदरट म्हणतात. असं मूल जन्मापासून बहिरं असेल आणि चालायलाही उशिरा लागलं असेल, तर मी डोळ्याचा आतला पडदा तपासायला लगेच पुढे पाठवते. अशर सिंड्रोम या कान आणि डोळे दोन्हींवर घाला घालणाऱ्या आनुवंशिक आजारात आधी रातांधळेपणा येतो, मग बाजूची नजर आक्रसत जाते. तो थांबवणारा उपचार हाताशी नाही, पण आधी कळलं तर कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राचा, निर्णय, पांढरी काठी, हातावर खुणा करून बोलणं, सगळ्याची तयारी वेळेत होते. शाळाप्रवेशाच्या फाईलमध्ये ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, असतोच. त्याच्याच मागे डोळ्यांचा कागद का लावत नाहीत, हे मला आजवर पटलेलं नाही.

पालकांचं म्हणणं वेगळंच. “आधीच मशीन, त्यात चष्मा. पोरीचं लग्न कसं व्हायचं, मॅडम?” असं विचारणाऱ्या एका आईला मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि तिथून लेकीशी खुणांनी बोलायला लावलं. लेक नुसती बघत राहिली. मग लेकीच्या डोळ्यांवर नंबरच्या काचा घातलेली ट्रायल फ्रेम चढवली, तर तिने तिथूनच उलट उत्तर दिलं, तेही जरा आगाऊच. आई हसली आणि फ्रेमांच्या ट्रेकडे वळली. तिने गुलाबी उचलली. पोरीला काळी हवी होती, त्यावरून दोघींची बराच वेळ हातांनीच जुंपली.