एकच नग

छंदाचं इंजिन स्वतः बनवायचं म्हटलं, तरी सगळं घरच्या टेबलावर होत नाही. पाया, कंस, पत्र्याची टाकी इथपर्यंत आपला हात चालतो. सिलिंडर-पिस्टनची वेळ आली की लेथवाल्याचा, म्हणजे धातू फिरवून कापायचं यंत्र चालवणाऱ्याचा, उंबरठा गाठावाच लागतो.

मोठ्या हौसेनं काढलेलं ड्रॉइंग आपण त्याच्यापुढे पसरतो. पिस्टन, व्यास 25 मिलिमीटर. तो कागदावर ओझरती नजर टाकून विचारतो, "बसणार कशात? ते आणलंय का?" रास्त प्रश्न. पिस्टन बोअरपेक्षा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकापेक्षा, किती लहान हवा, हा खरा आकडा, आणि नेमका तोच कागदावर नसतो. शिवाय धातूची भानगड. 25 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पिस्टन शंभर अंशांनी तापला तर सुमारे 57 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) फुगतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, बोअर तेवढ्याच उष्णतेनं जेमतेम 27. म्हणजे थंडपणी झोकात सरकणारा पिस्टन गरम झाला की जाम. बिडात बीडच चालवणारे हौशी उगाच नाहीत.

"एकच नग?" हा दुसरा प्रश्न, जरा नाखुशीचा. आपल्याला वाटतं, एवढासा तुकडा, कितीसा वेळ लागणार! पण फोर-जॉ चकमध्ये, म्हणजे लेथच्या चार जबड्यांच्या पकडीत, कास्टिंग (ओतीव तुकडा) धरायचं, तो मध्यावर फिरतोय का ते दाखवणारा डायल लावायचा, एक जबडा सैल, समोरचा घट्ट, पुन्हा फिरवून बघायचं, काटा डुलायचा थांबेपर्यंत. त्यापुढे प्रत्यक्ष कापणं किरकोळ. शंभर नग असते तर त्यानं फिक्श्चर, म्हणजे प्रत्येक नग झटकन जागेवर बसवणारी पकड, केलं असतं. एकासाठी कोण करतो? इथे मजुरीवरून घासाघीस करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

जेम्स वॉटही या बाबतीत आपल्याच पंगतीतला. वाफेच्या इंजिनातल्या त्याच्या सुधारणेचं पेटंट 1769चं, पण धड गोल सिलिंडर मिळेना. वाफ पिस्टनच्या कडेनं निसटायची. तोफा पोखरण्याच्या यंत्राचं 1774 साली पेटंट घेणाऱ्या जॉन विल्किन्सननं सिलिंडर पोखरून दिले, तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं. 50 इंची सिलिंडरात जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीएवढाही फरक नाही, असं वॉटच्या भागीदारानं, बोल्टननं, कौतुकानं लिहिलं होतं. आपल्या इंजिनात तेवढी फट राहिली तर नग सरळ भंगारात.

काम घेताना मोजमापाइतकाच अंगठाही वापरावा. बोअर नि पिस्टन पुसून तेलाचा थेंब लावायचा, खालचं तोंड अंगठ्यानं घट्ट दाबायचं आणि वरून पिस्टन सोडायचा. जमलेलं असेल तर तो कोंडलेल्या हवेवर अडतो, अंगठा काढताच घसरतो. बाहेरचं पॉलिश मात्र घरी करावं. त्यासाठी लेथवाल्याचं लेथ अडवून ठेवायचं काही कारण नाही.