मॅजिक माउंटनची रिव्होल्यूशन: आधी खालून बघा, मग दोनदा बसा

लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनपासून वायव्येला साधारण ५५ किलोमीटरवर, आय-५ हायवेला लागून व्हॅलेन्सिया आहे. तिथल्या सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटन या राइड्सच्या पार्कचे रूळ हायवेवरूनच दिसायला लागतात. इथे येणारे बहुतेक जण सगळ्यात उंच आणि सगळ्यात वेगवान राइडच्या मागे धावतात आणि रिव्होल्यूशन या रोलर कोस्टरला ‘वेळ उरला तर’ म्हणून यादीच्या तळाशी टाकतात. तसं करू नका. ८ मे १९७६ला सुरू झालेली ही गाडी म्हणजे आधुनिक काळातला पहिला यशस्वी उभा लूप, म्हणजे गाडीला उलटं करून पुन्हा सरळ आणणारा रुळाचा उभा फेरा. त्यानंतर जगभर जे लूप उभे राहिले, त्यांच्यापुढे हिचा दाखला होता.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या वर्षी २०० वर्षं होत होती, म्हणून नाव पडलं ‘ग्रेट अमेरिकन रिव्होल्यूशन’. क्रांती आणि फेरा, दोन्ही अर्थ एकाच शब्दात. उंची ३४ मीटर, लांबी १,०५४ मीटर, वेग ताशी ८८ किलोमीटर, लूप २७ मीटर उंच. आजच्या हिशोबात हे आकडे लहान आहेत, त्यामुळे आकडे बघून रांगेत उभं राहणाऱ्याची निराशा होईल.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. माणसांना उलटं करणारी ही पहिली स्टील कोस्टर नाही. तो मान जवळच्याच नॉट्स बेरी फार्ममधल्या कॉर्कस्क्रूचा. ॲरो कंपनीने ती १९७५मध्ये उभी केली आणि १९९०मध्ये ती आयडाहोतल्या सिल्व्हरवुड पार्कात गेली. पण कॉर्कस्क्रूमध्ये गाडी स्क्रूच्या आट्यासारखी आडवी वळत उलटी होते. सरळ समोर उभा राहिलेला फेरा चढून जाणं हे वेगळं आणि जास्त अवघड काम होतं.

अवघड का, ते बसण्याआधी पाच मिनिटं लूपच्या बाजूला उभं राहिलं की कळतं. आकार बाजूने, रुळाशी अगदी काटकोनात उभं राहून बघा. माथा अरुंद, तळ पसरट. पाण्याचा थेंब टांगल्यासारखा दिसतो, आणि हे सौंदर्यासाठी केलेलं नाही.

शेतात गोफण फिरवणाऱ्याला ठाऊक असतं, जोर कमी पडला की वर गेल्यावर दगड सैल होतो. गाडीचंही तेच. लूपच्या माथ्यावर पुरेसा वेग नसेल तर माणूस सीटवरून सुटतो आणि बारवर लटकतो. समजा २७ मीटरचा लूप अगदी गोल केला, म्हणजे त्रिज्या १३.५ मीटर. माथ्यावर माणूस सीटला टेकून राहायचा तर तिथे ताशी ४१ किलोमीटर वेग हवा, आणि घर्षण सोडून दिलं तरी त्यासाठी तळाशी ताशी ९३ लागतात. गाडीकडे आहेत ८८. बरं, आणखी उंचावरून सोडून वेग मिळवला तरी गोल लूपच्या तळाशी शरीराचं वजन ६ पट होतं. त्रिज्या वाढवा किंवा कमी करा, हा ६चा आकडा हटत नाही. गोल लूपचं दुखणं हेच.

आता तोच हिशोब उलट्या बाजूने करा. ८८च्या वेगाने तळात शिरताना वजन ५ पटींच्या आत ठेवायचं तर तिथली त्रिज्या १५ मीटरच्या वर हवी. माथ्यावर पोहोचेपर्यंत वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास उतरलेला असतो. तिथे माणूस सीटला चिकटून राहायचा तर त्रिज्या ७ मीटरच्या आत हवी. म्हणजे खाली मोठं वर्तुळ, वर लहान, आणि दोघांना जोडणारा हळूहळू घट्ट होत जाणारा वाक. याला क्लोथॉइड म्हणतात. रेल्वेचे इंजिनिअर सरळ रुळावरून वळणात शिरताना हाच वाक वापरतात, नाहीतर डब्याला हिसका बसतो. लूपमध्ये हा हिसका थेट मानेला बसतो.

तो बसलेलाही आहे. उभ्या फेऱ्याचा खेळ पॅरिसला १८४६मध्ये झाला होता. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५मध्ये ‘फ्लिप फ्लॅप’ आली, सुमारे साडेसात मीटर व्यासाचा, जवळजवळ गोल लूप. सपाट रुळावरून गाडी एकदम वर्तुळात घुसायची. वजन १२ पटींपर्यंत जात असे असं सांगितलं जातं, आणि लोकांच्या माना दुखावल्या. १९०१मध्ये तिथेच एडविन प्रेस्कॉटने अंडाकृती लूप केला. तो बराच सुसह्य होता, पण गाडीत चारच माणसं बसत, त्यामुळे धंदा होईना. मग लूप जवळपास पाऊण शतक अडगळीत गेला. तोवर १९५९मध्ये डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्नवर नळीच्या आकाराचे स्टीलचे रूळ आले. नळी हव्या त्या दिशेला वाकवता येते आणि तिला वरून, बाजूने आणि खालून अशी तिन्हीकडून चाकं धरू शकतात. वरची चाकं वजन पेलतात, बाजूची वळणावर धरतात आणि खालची गाडी उचलू देत नाहीत. स्टेशनात गाडी थांबली की पहिल्या डब्याच्या बाजूला वाकून बघा, चाकांचे हे जुडगे दिसतात.

रिव्होल्यूशन बांधली ती बव्हेरियातल्या म्युन्स्टरहाउझनच्या आंटोन श्वार्झकोफने. गणित केलं वेर्नर श्टेंगेलने. श्वार्झकोफ मुळात जत्रेतल्या पाळण्यांचा लोहार-कारागीर. जत्रेची राइड आठवड्यात उभारायची, आठवड्यात सोडायची, म्हणून जोड अचूक लागतात. ती सफाई इथे रुळात उतरली आहे. ५० वर्षांच्या गाडीत जो खडखडाट अपेक्षित असतो, तो इथे फारसा नाही.

आता बसण्याचं. गाडीत ५ डबे, डब्यात दोन ओळी, ओळीत दोघं, एकूण २०. खोपोलीच्या इमॅजिकात नायट्रोवर बसलेल्यांना खांद्यावरून उतरणाऱ्या जाड हार्नेसची सवय असते. इथे मांडीवर फक्त लॅप बार येतो आणि ‘एवढंच?’ म्हणून माणूस दचकतो. एवढंच पुरतं. लूपचा आकार बरोबर असेल तर माथ्यावरसुद्धा सीटच तुम्हाला धरून ठेवते. श्वार्झकोफने ही गाडी लॅप बार धरूनच आखली होती. मध्ये बरीच वर्षं तिला खांद्यावरचे हार्नेस लावले होते. वळणात डोकं त्याच्यावर आपटायचं आणि दोष बिचाऱ्या रुळाला लागायचा. २०१६मध्ये नवे डबे आले, लॅप बार परत आला आणि नाव ‘न्यू रिव्होल्यूशन’ झालं. त्याच वेळी डोळ्यांवर व्हीआरचे, म्हणजे आभासी दृश्यं दाखवणारे जाड चष्मेही चढवले होते. झाडीतून जाणाऱ्या गाडीत डोळे झाकून बसवायची कल्पना कुणाला सुचली कोण जाणे. ते चष्मे आता गेले आहेत.

सुरुवात शांत असते. टेकडीचा उतार जसा आहे तसे रूळ टाकलेत, म्हणून गाडी झाडांच्या शेंड्यांमधून लांब वळणं घेत जाते. इथे वेग नाही म्हणून कुरकुर करू नका, हा भाग बघण्यासाठी आहे. वर मान केली तर २००६ची तात्सू डोक्यावरून जाताना दिसेल. मग खरा उतार आणि लूप. त्यानंतर पुढे एकदा गाडी त्याच लूपच्या पोटातून आरपार जाते. तेव्हा मान वर ठेवा.

कुठे बसायचं, याला नेमकं उत्तर आहे. गाडीचा मध्य माथ्यावर असतो तेव्हा वेग सगळ्यात कमी असतो. म्हणून उलटं तरंगल्यासारखं हवं असेल तर पाचवी किंवा सहावी ओळ. पुढची ओळ माथा ओलांडते तेव्हा गाडी अजून मंदावत असते, शेवटची ओलांडते तेव्हा ती पुन्हा वेग घेत असते. टोकांना तरंगणं कमी. पहिली ओळ दृश्यासाठी. उतारावर खेचलं जायचं असेल तर शेवटची, कारण तिच्या पाळीला गाडी आधीच खाली ओढली जात असते.

लूपच्या तळाशी काहींच्या डोळ्यांपुढे क्षणभर करडा पडदा येतो. रक्त पायांकडे ओढलं जातं म्हणून. पोटऱ्या आणि मांड्या घट्ट आवळायच्या, डोकं मागे टेकवायचं, श्वास रोखायचा नाही. उपाशीपोटी आणि पाणी न पिता बसलं तर हे जास्त होतं. उन्हाळ्यात इथे पारा ३८च्या वर जातो. रांगेत शिरण्याआधी पाणी प्या.

माथ्यावर सीटचा रेटा नावापुरता उरतो, त्यामुळे खिशातल्या वस्तू याच क्षणी निसटतात. फोन, किल्ल्या, गॉगल लॉकरमध्ये. लॉकरचे पैसे वेगळे. झुमके काढून ठेवा, मंगळसूत्र कुर्त्याच्या आत, ओढणी घरी. बिनपट्ट्याची चप्पल नको. उंचीची अट ४८ इंच, म्हणजे १२२ सेंटिमीटर. मुलाची उंची गेटवर बूट घालून मोजली जाईल हे गृहीत धरू नका, घरीच मोजून निघा. मानेचं-कण्याचं दुखणं, हृदयविकार, गरोदरपण असेल तर नाही म्हणजे नाही. भारतातून आलेल्या आई-बाबांना लूप दिसेल अशी सावली बघून बसवा. या पार्कात चढण बरीच आहे, त्यांना उगाच माथ्यापर्यंत चालवू नका.

तिकीट ऑनलाइन काढा, गेटवर महाग पडतं. पार्किंगचे पैसे वेगळे. जायच्या आदल्या दिवशी वेळापत्रक बघा, शनिवार-रविवार टाळा. एखादी राइड देखभालीसाठी बंद असू शकते, त्यामुळे पहिली फेरी दुपारवर ढकलू नका.

रिव्होल्यूशननंतर शेजारच्या व्हायपरवर बसा. १९९०ची, ॲरोची, ७ वेळा उलटं करणारी. वाकात शिरताना डोकं हार्नेसच्या पॅडवर कुठे आदळतं ते लक्षात ठेवा. हळूहळू घट्ट होणाऱ्या वाकाची किंमत दोन राइडमधल्या फरकातून कळते. कागदावर कितीही गणित केलं तरी ती तशी कळत नाही.

दुसरी फेरी संध्याकाळी. दिवसभर धावून चाकांचे टायर आणि बेअरिंगमधलं ग्रीस तापलेलं असतं, घर्षण कमी होतं, आणि सकाळी लूपच्या माथ्यावर रेंगाळलेली गाडी आता तो झटक्यात ओलांडते. सकाळी ज्या ओळीत बसला असाल, त्याच ओळीत बसा.