हौद्याला बाहेरून कड्या

काल-परवाचीच गोष्ट नाही, पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, गाड्यांचे हौदे (मागची माल भरायची पेटी), कॅरियर, ताडपत्रीच्या कमानी असली कामं रोज चालू असतात. एक पिकअपवाला आला, गाडीच्या डाव्या फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या खाली पडणाऱ्या बाजूला, तीन भोकं पडलेली, भोकं कसली, पत्राच फाटून बाहेर आलेला. आधी कुणीतरी तिथे पत्र्याच्या स्क्रूने हुक मारून दिले होते आणि मालाला वाऱ्याने रेटल्यावर तिन्ही हुक ओळीने सुटले. शर्टाची बटणं तुटतात ना तसे. नशीब मागे कोणी नव्हतं.

माल काय, तर फोमच्या गाद्या. गाडीवाल्याचं एकच पालुपद, "मिस्त्री, माल तर हलका आहे हो, एवढं काय लागतंय त्याला". आता हीच गंमत आहे. वजन कमी म्हणून तो जागेवर बसून राहत नाही, आणि थप्पी केबिनच्या वर गेलेली म्हणजे वाऱ्यासमोर आयती भिंत उभी. ताशी 80 किलोमीटरला समोरच्या दर चौरस मीटरवर साधारण 30 किलोचा दाब येतो, त्यात समोरून जोराचा वारा असला तर तो वेगात मिळतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो हे लक्षात ठेवायचं. लोखंड भरलेली गाडी परवडली, ती निदान वाऱ्याने उडत नाही. (अर्थात ब्रेक मारल्यावर लोखंड काय करतं तो वेगळा विषय, त्याला पुढे थोपवायला मालाच्या वजनाच्या 80 टक्के जोर धरतात.)

हौद्यात आतून कड्या होत्याच की. पण गाद्या या फाळक्यापासून त्या फाळक्यापर्यंत ठासून भरल्यावर त्या कड्या तळाशी गाडल्या जातात, हातच पोचत नाही. मग माणूस काय करणार, पट्टा बाहेरून टाकतो आणि सापडेल तिथे अडकवतो, बिजागरीला, फाळक्याच्या खिट्टीला, कधी तर मडगार्डच्या पट्टीला सुद्धा. त्यामुळे बाहेरच्या कड्या हव्यात हे त्याचं बरोबरच होतं, पण त्याला त्या परत फाळक्यालाच हव्या होत्या, जरा जाड स्क्रू मारून.

मी म्हटलं भाऊ, फाळका म्हणजे दार आहे, दाराला कोण माल बांधतं? खिट्टी उघडली की पट्ट्यासकट सगळं सैल. कडी लागणार खाली, तळाच्या कडेने जो चॅनल (पन्हळीसारखा लोखंडी बार) जातो त्याच्या उभ्या तोंडावर. पट्टा वरून खाली येतो म्हणजे कडीला वर ओढतो, उभ्या तोंडावर ती असली की बोल्टवर आडवा जोर येतो, तो त्याला चांगला सोसतो. चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, मात्र हात लावायचा नाही, ना भोक ना वेल्डिंग, यावर माझ्याकडे चर्चा नसते.

खरी भानगड पुढे. माझ्या हाताखालच्या पोराने खडूने जागा आखल्या, एका बाजूला चार, दिसायला अगदी छान. पण मला सवय आहे, भोक पाडायच्या आधी कडी सी-क्लॅम्पने (आवळायच्या शिकंजाने) तशीच धरायची आणि फाळका सोडून बघायचा. सोडला, तर फाळका पूर्ण खाली लटकेना, कडीच्या पोटावर येऊन टेकला, आणि तसा टेकला की सगळा भार बिजागरीवर. महिन्याभरात बिजागरी वाकली असती. मग दुमडणाऱ्या डी-कड्या (इंग्रजी D च्या आकाराच्या) घेतल्या, ज्यांचं बूड चपटं असतं आणि कडी खाली पडून राहते, आणि त्या बिजागऱ्यांच्या मधोमध सरकवल्या. बाहेर काही टोकदार राहिलं नाही हेही महत्त्वाचं, गर्दीतून जाताना कुणाच्या पायाला नाहीतर दुचाकीच्या हँडलला अडकायचं.

चॅनलच्या आतून साइड लाइटच्या वायरी जात होत्या, एका ठिकाणी डिझेलची टाकी अगदी जवळ, म्हणून वेल्डिंग नकोच, सगळं बोल्टवर. 10 एमएमचे 8.8 ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट, आतून 6 एमएमची पट्टी आणि नायलॉनवाले नट. लोक बोल्ट जाड घेतात आणि आतली पट्टी विसरतात. अहो, बोल्ट तुटत नाही, पत्रा फाटतो! पट्टी जोर पसरवते, नुसत्या वॉशरला ते जमत नाही. भोकांच्या कडा घासून प्रायमर लावला, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

लावून झाल्यावर गाडीवाला कडी हाताने हलवून बघतो आणि म्हणतो, "पक्की वाटते". वाटते म्हणजे काय! रॅचेट पट्ट्याने (दांडा मागेपुढे करून आवळायचा पट्टा) नुसत्या हाताने दोन-तीनशे किलोचा ताण सहज येतो, तो हाताने हलवून कसा कळणार? वरच्या गर्डरला चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळी-कप्पी) लावला, मध्ये वजनाचा लटकता काटा, आणि रिकाम्या गाडीची एक कडी वर ओढायला घेतली. काटा चारशे किलोच्या पुढे गेला तशी त्या बाजूची बॉडी वर उचलायला लागली, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे मोकळे व्हायला लागले, गाडीवाला "बास बास" करतोय, आणि मी टॉर्च घेऊन चॅनलकडे बघतोय. पत्र्याला सुरकुती नाही. सगळ्या कड्या तशाच ओढल्या. गाडीवाल्याचा हलक्या मालाचा मुद्दा त्यानंतर काही निघाला नाही.

जाताना त्याला दोन गोष्टी सांगितल्या. कडीवर जो आकडा छापलाय आणि पट्ट्यावर जो आहे, त्यातला लहान तोच खरा धरायचा. आणि पट्टा जितका आडवा, तितकी खाली दाबायची ताकद कमी, जमिनीशी 30 अंशाला तर निम्मीच उरते, म्हणून शक्यतो उभा येऊ दे.

प्रत्येक नटावर मार्करने रेघ मारून दिली होती, थोडी गाडी पळाली की दाखवायला ये म्हटलं. आला. रेघा सगळ्या जागेवर, मागच्या कोपऱ्यातला एक नट मात्र हाताला सैल लागला. उघडला तर वॉशरखाली पोराने रंगाचा जाड थर फासलेला, तो दबला आणि ताण गेला. रंग खरवडला, नवा नट टाकला, आवळला, नवी रेघ मारली. पोराला बोललो ते इथे लिहीत नाही.