खडकाची साल

सातारा, रविवार, रात्री

सकाळी अण्णांच्या गाडीवर मागे बसून यवतेश्वर घाटात गेले. पावसात सुटून रस्त्याकडेला आलेले धोंडे तिथे हवे तेवढे. (वर कासला मात्र खडाही उचलायचा नाही.) एक फोडला. बाहेरून तपकिरी, आत काळाकरडा, कोरा करकरीत. भिंग लावल्यावर फेल्स्पार या खनिजाच्या बारीक काड्या चमकल्या, एका पोकळीत झिओलाइट हे पांढरं खनिज. अण्णा म्हणाले, "अभ्यास चंद्राचा आणि फोडतेस आपल्या घाटातले धोंडे?"

प्रश्न रास्त आहे. पीएचडीच्या मुलाखतीतही विचारतीलच.

चंद्रावरचे काळे डाग म्हणजेसुद्धा बेसाल्टच, या घाटातल्यासारखाच लाव्हा थिजून झालेला खडक. आपला सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, तिथला बहुतेक 300 कोटींहून जुना. 2008 साली गेलेल्या चांद्रयान-1 वरच्या एका उपकरणाने तिथली खनिजं ओळखली ती परावर्तित प्रकाशावरून. पायरोक्सिन हे खनिज 1 आणि 2 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषतं, ऑलिव्हिन हे दुसरं फक्त 1 च्या आसपास; आलेखात तिथे खळगी दिसते. पण हा प्रकाश परततो अगदी वरच्या सालीवरून, आणि साल फसवते. इथे पाऊस आणि हवा खडकातलं लोह गंजवतात. पार टोकाला गेलं की जांभा होतो. तिथे ना पाऊस ना हवा, तरी सौर वारा (सूर्याकडून येणारा भारित कणांचा झोत) आणि बारीक उल्कांचा मारा मातीच्या कणांवर लोहाच्या अतिसूक्ष्म कणांचा पातळ थर चढवतो. पृष्ठभाग काळवंडतो, शोषणाच्या खुणा पुसट होतात. ज्याने साल आणि गाभा दोन्ही हातात धरून पाहिलं नाही, त्याला आलेखातली ती उथळ खळगी काय सांगणार? आमच्यातले काही जण हातोडा न उचलता, नुसत्या संगणकाच्या कोडवर ग्रहशास्त्र करायला निघालेत. मला ते पटत नाही.

सरांनी कोयनेच्या भूकंपांचाही विषय सुचवलाय. तिथल्या गोठणे गावात संशोधनासाठी खोदलेल्या 3 किलोमीटर खोल विवरात बेसाल्ट जेमतेम सव्वा किलोमीटरवर संपला, खाली ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे त्याहून कितीतरी जुना पायाचा खडक. घरचा कौल अर्थातच तिकडे. आजीच्या तोंडी 1967 चा भूकंप अजून कालचाच असतो, आणि आईचा हिशेब सोपा: प्रयोगशाळा कराडला, म्हणजे घरून जा-ये, डबा घरचा. मोह होतो, खोटं कशाला बोलू.

तरी उद्या सरांना चंद्राचाच विषय कळवणार. फक्त आधी विचारायचंय, स्पेक्ट्रोमीटर (परावर्तित प्रकाश मोजणारं यंत्र) हाताळायला पहिल्या वर्षीच मिळेल का. तो नाही मिळाला, तर हे फोडलेले धोंडे काय, शोकेसमध्ये मांडायचे?